हिरव्या काचेतला आवाज

गणपत,

तुला जाऊन सोळा दिवस झाले. परवा मी दुकान उघडलं. झाडून घेतलं. दोन गिऱ्हाइकं आली, त्यांना नंतर या म्हणालो. काल चौसाळ्याच्या देशमुखांनी त्यांच्या तंबू थेटरचा अ‍ॅम्प्लिफायर बैलगाडीत घालून पाठवला. आवाज फाटतोय म्हणे. सोबत निरोप होता, सवडीनं करा. त्या माणसानं सवड हा शब्द आपल्यापुढं आजवर कधी काढला नव्हता. इतक्या वर्षांत दुकानाला मिळालेला हा पहिला मान, आणि तो मला एकट्याला घ्यावा लागला.

मी तुझा हिरव्या काचेचा ऑसिलोस्कोप चालू केला, त्याच्या तारेला लावलेलं तुझं पेन घेतलं आणि तू करायचास तशी आधी चौकोनी लाट लावून बघितली. काचेवर तिचे कोपरे काटकोनी दिसायला हवेत, ते खाली बसलेले. पेनाच्या पोटातल्या त्या दोन तारांना एक पीळ जास्त दिला, तर कोपऱ्याला शिंग फुटलं. अर्धा पीळ सोडला, तर कोपरा पुन्हा गोल. दुपारभर तेवढंच करत बसलो. तुझ्या हातून हे दोन मिनिटांत व्हायचं. पीळ किती द्यायचा, हे तू सांगितलं नाहीस आणि मीही कधी विचारलं नाही. तू होतास, मग विचारायची गरज काय होती.

आपण दोघं पाटोद्याचे. तू शेतकऱ्याच्या घरचा, मी मेंढरांमागं फिरणाऱ्याच्या. शाळेत एका बाकावर बसून उर्दू गिरवली, एवढीच काय ती बरोबरी. पुढं तू हैदराबादला जाऊन रेडिओचं काम शिकलास, परत येऊन बीडात दुकान टाकलंस आणि मला रानातून बोलावून घेतलंस. मला तेव्हा पेचकस सरळ धरता येत नव्हता. घरची माणसं मला म्हणत होती, मेंढरं सोडून त्या रेडिओच्या खोक्यात काय ठेवलंय. मला खोक्याचं काही पडलेलं नव्हतं. तू बोलावलंस म्हणून मी आलो.

तेव्हा तुझा कान असा होता की रेडिओ आणणारा माणूस पायरी चढायच्या आत तू सांगायचास, दुसरा व्हॉल्व्ह उतरलाय. पार कडा गावापासून लोक यायचे ते त्या कानासाठी. मीटर तू नंतर लावायचास, आपलं खरं ठरलं की नाही हे बघायला. मलाही तू तसंच शिकवलंस. आधी ऐक, मग उघड.

मग ते कधी सुरू झालं, मला नेमकं सांगता येणार नाही. मी म्हणायचो बॅटरी बसलीय, तू म्हणायचास, आत्ता चहा नको. आधी मला हसू यायचं. नंतर एकदा मी मागच्या खोलीतून आलो तेव्हा तू पेचकसाचं टोक लाउडस्पीकरच्या खोक्याला टेकवून त्याची लाकडी मूठ जबड्याच्या हाडाला दाबून बसला होतास. नजर खाली टेबलावर. हाडातून आवाज आत घेत होतास. मी तसाच दोन पावलं मागं गेलो आणि मुद्दाम खुर्ची सरकवून पुन्हा आत आलो. तू खुर्चीच्या आवाजानं वळला नाहीस. माझी सावली टेबलावर पडली तेव्हा वळलास आणि पेचकस खाली ठेवलास.

त्या दिवशी बोलायला हवं होतं. बोललो नाही. मला वाटलं, ज्याच्या कानावर दुकान चालतं त्याला हे कोणत्या तोंडानं विचारायचं.

त्यानंतर दोन महिन्यांनी तू हैदराबादेहून ते खोकं आणलंस. लढाई संपली होती, लष्कराचं मोडीत निघालेलं सामान तिकडं बाजारात यायला लागलं होतं. मोटारीत दिवसभर मांडीवर घेऊन बसला होतास, उतरलास तेव्हा पाय सरळ होत नव्हते. समोर ताटलीएवढी गोल हिरवी काच, खाली बटणं. शेजारच्या जिनिंगवाल्यांनी त्यांच्या इंजिनावरची वीज आपल्याकडं ओढून दिली होती, तिच्यावर ते चालू केलंस आणि काचेत एक हिरवा ठिपका उमटला, त्याची रेघ झाली.

"आवाज दिसतो बे यात," तू म्हणालास. "सख्या, आवाज डोळ्यांनी दिसतो."

मला तेव्हा सगळं समजलं. तू एवढं ओझं इतक्या लांबून कशासाठी आणलंस ते. मला समजलंय हे तुला समजलं की नाही, कोण जाणे.

खोक्यासोबत त्याची तार आली नव्हती. पुढं नुसत्या पितळेच्या दोन खुंट्या होत्या. आपल्याला वाटलं, तारेचं काय एवढं, तार ती तार. दिव्याला वापरतो ती साधी तार तू दोन हात तोडून घेतलीस, आणि त्याच आठवड्यात आपण देशमुखांच्या तंबूत गेलो.

तो दिवस तू नंतर कधी काढला नाहीस. मी काढतो. तंबूत दुपारी खेळ नव्हता. आवाज बारीक झालाय एवढीच तक्रार होती. यंत्रावर एक जुनं रीळ फिरत होतं. फिल्मवरून आवाज उचलणारा तो काचेचा डोळा असतो, त्यातून निघणारा आवाज अगदी नाजूक, तिथं तू आपली तार टेकवलीस. हिरव्या काचेत मोठाल्या टेकड्या उठल्या. तू म्हणालास, वीज गाळणारा भाग गेलाय, सगळीकडं गुरगुर शिरलीय. मी ऐकत होतो. तू तार टेकवली की स्पीकर गुरगुरत होता, उचलली की गप्प होत होता. गुरगुर आपल्या तारेतून आत जात होती. लांबलचक उघडी तार, शेजारी इंजिन धडधडतंय, ती सगळी वीज हवेतून गोळा करून आपणच त्या बिचाऱ्या डोळ्यात ओतत होतो.

"तार लावली की फरक पडतोय," मी म्हणालो.

"कसला फरक? काच बघ," तू म्हणालास.

मी काच बघितली. बोलायचं तर तुला ऐकू येत नाही हे बोलावं लागलं असतं, आणि देशमुख तिथंच उभे होते. वीज गाळणारी ती तारेची गुंडाळी, तो चोक, काही दोष नसताना तू काढून दुकानात आणलास. चार दिवस बसून नवा गुंडाळला. चार दिवस तंबूत खेळ झाला नाही. पाचव्या दिवशी बसवला तर आवाज तसाच बारीक आणि काचेत टेकड्या तशाच.

देशमुख काही वाईट माणूस नव्हेत. ते सहज म्हणाले, "गणपतराव, तार टेकली की गुरगुरतंय, उचलली की न्हाई. मला अडाण्याला कळतंय. तुमाला ऐकू येत न्हाई का?"

तू त्यांच्या ओठांकडं बघत होतास. तुझा चेहरा उतरला आणि तू खाली वाकून सामान गोळा करू लागलास. मी मध्ये पडून म्हणालो, तार खराब आली हो, बदलून आणतो. परत येताना तू माझ्या पुढं चालत होतास. मी बरोबरीला यायचा प्रयत्न केला की तू पाय उचलायचास.

पुढचे तीन आठवडे तू ज्या तऱ्हेनं त्या तारेच्या मागं लागलास, तसा माणूस मी दुसरा बघितला नाही. आधी मोडक्या मायक्रोफोनची जाळीची तार काढलीस, आत एक तार आणि तिच्याभोवती तांब्याची जाळी. जाळी जमिनीला जोडली. टेकड्या गेल्या. मला वाटलं झालं. तू म्हणालास न्हाई, बघ, बारीक कंगोरे खाल्ले जातायत. मग मला विचारलंस, तार टेकवल्यावर आवाज कसा होतो. पहिल्यांदा विचारलंस. मी म्हणालो, जाड होतो, तोंडावर घोंगडं घेऊन बोलल्यासारखा. तू मान हलवलीस. तार स्वतःच कंडेन्सर झाली होती, वरच्या पट्टीतला आवाज पिऊन टाकत होती.

मग तुझं निब मोडलेलं फाउंटन पेन आलं. त्याच्या पोटात वीज अडवणारे कार्बनचे मोठे रेझिस्टन्स बसवलेस, पुढं ग्रामोफोनची सुई. आता ज्याला टेकायचं त्याच्याकडून नऊ भाग पेनातच अडायचे आणि एक भाग काचेकडं जायचा. "घ्यायचं कमी, म्हंजे त्याला कळत न्हाई आपण हात लावलाय," तू म्हणालास. रेझिस्टन्सच्या जोडीला दोन बारीक तारा एकमेकींत पिळून ठेवल्यास. पीळ कमी झाला तर चौकोनी लाटेचे कोपरे झिजतात, जास्त झाला तर टोकं वर येतात. दोन व्हॉल्व्हची जुळणी करून खास ती चौकोनी लाट तयार केलीस, पेन तपासायला. जमिनीची तारही आखूड केलीस, टोकापासून वीतभर. लांब तार पुन्हा हवेतलं गोळा करते म्हणून.

त्या वेळी मी तुला म्हणालो, मग सगळीकडं पेनच वापरू. तू न्हाई म्हणालास. स्पीकरच्या बाजूला जोर असतो, तिथं साधी तार चालते, उलट पेनानं तिथलं चित्र उगाच बारीक दिसतं. जिथं जीव थोडा, तिथं पेन. बॅटरीला तर आपला जुना मीटरच बरा. तू टेबलाच्या कडेला तीन खिळे मारून तिन्ही टांगून ठेवलीस आणि मी चुकीचं उचललं की माझ्या मनगटावर पेचकस मारायचास, हळूच.

आपलं मोठं भांडण तेव्हाचंच. मी चिडून म्हणालो होतो की ही सगळी उठाठेव कशाला. यंत्र टेकवलं की आवाज बदलतोच, थोडा का होईना. कानाला कुठं टेकवावं लागतं? कान खोटं बोलत नाही. मी मोठ्यानं बोललो होतो, तुला सगळं समजलं होतं.

"बोलतो," तू म्हणालास. "कानबी खोटं बोलतो, सख्या. पेन किती खोटं बोलतंय ते मोजता येतं. कानाचं मोजता येत न्हाई. कानाचं खोटं आपल्याला लई उशिरा कळतं."

मी उत्तर दिलं नाही. त्या वेळी मला वाटलं, उत्तर न देणं ही माझी माया आहे. आता वाटतं, तू दार उघडून उभा होतास आणि मी आत आलो नाही. तू मला तुझ्या परीनं सांगून टाकलं होतंस. मी फक्त एवढंच विचारायचं होतं, कधीपासून रे?

मग कड्याचं काम आलं. तंबू तिकडं गेला होता आणि देशमुखांनी पुन्हा बोलावलं, बीडात दुसरं कुणी नव्हतं म्हणून. आपण खोकं गोधडीत गुंडाळून नेलं. बायकांचा आवाज वर गेला की फाटत होता. मी ऐकलं आणि स्पीकरचा कागद फाटलाय म्हणून छातीठोक सांगितलं. तू पेन घेतलंस, चौकोनी लाट बघितलीस, पीळ नीट केलास आणि मागून पुढं एकेक व्हॉल्व्ह बघत गेलास. पहिल्याच व्हॉल्व्हपाशी लाटेचा माथा कापल्यासारखा सपाट होता. स्पीकरचा काही दोष नव्हता. दोन व्हॉल्व्हमधला एक कंडेन्सर गळत होता. तो तू बदललास. काचेत लाट वरखाली सारखी गोल झाली.

रीळ पुन्हा लावलं. ती बाई गात होती. गणपत, काय आवाज होता तो. वर गेला आणि तिथं ठरला, कुठं कडा नाही, कुठं खरखर नाही. तंबूच्या कनाती बांधणारे दोघं दोऱ्या हातात धरून तसेच उभे राहिले. देशमुख खुर्चीवर बसले. तू स्पीकरच्या खोक्यावर तळहात ठेवून माझ्या तोंडाकडं बघत होतास.

"आता बरा हाय का?" तू विचारलंस.

मी चुकलो होतो त्याचा राग माझ्या मनात होता. मी म्हणालो, "ठीक हाय."

एवढंच. तुला त्या आवाजाचं काहीच दिसत नव्हतं, काचेतल्या हिरव्या रेघेपलीकडं. तुझ्यासाठी तो माझ्या तोंडून येणार होता आणि मी दोन शब्दांवर भागवलं. आज मी तुला ते गाणं ओळीओळीनं सांगीन. कुठं ती श्वास घेते, कुठं पेटी मागं पडते. सांगायला बसलो तर दिवस पुरणार नाही. कुणाला सांगू?

आता नदीचं.

लोक मला विचारतात आणि मी सांगतो, पण सगळं सांगत नाही. तुला सांगतो. दुपारी तू घरी जेवायला गेलतास. तुझं घर बिंदुसरेपलीकडं, दुकान अलीकडं, रोज पात्रातून यायचंजायचं. पाणी घोट्याएवढं. इकडं ऊन होतं. वर बालाघाटाच्या डोंगरात सकाळी पाऊस झाल्याचं कुणाला ठाऊक नव्हतं. मी धोब्याकडं कपडे द्यायला घाटावर आलो होतो. तू पलीकडून पात्रात उतरलास ते मी बघितलं.

आवाज आधी आला. दूरवर गाड्या खडीवरून जाव्यात तसा. धोबी लगेच कपडे गोळा करायला लागले, पात्रातली बाकीची माणसं धावत काठाला आली, म्हशींनीसुद्धा माना वर केल्या. पाणी दिसायच्या कितीतरी आधी ते ऐकू येतं, गणपत. म्हणून तर इथं माणसं वाचतात. तू मधोमध होतास, खाली बघत, दगडांवर पाय ठेवत सावकाश येत होतास.

मी हाक मारली. गणपत, गणपत म्हणून ओरडलो. सगळा घाट ओरडत होता. माझ्या शेजारी उभी असलेली धोबीण म्हणाली, "कावून पळंना त्यो? बहिरा हाय का काय?"

मला ठाऊक होतं. त्या अख्ख्या काठावर मला एकट्याला ठाऊक होतं, आणि मी काय केलं, तर हाक मारली. माझं सगळं बालपण मेंढरांमागं गेलं. वळवायचं असलं की आम्ही हाका मारत बसत नाही, पुढ्यात दगड टाकतो. माझा नेम चुकत नाही. पायाशी हजार दगड होते. तुझ्या पुढ्यात एक पाण्यात पडला असता तर तू मान वर केली असतीस, माझे हात बघितले असतेस, वीस पावलं पळाला असतास. वीस पावलंच होती. हे मला आता सुचतं, रोज सुचतं. तेव्हा माझ्या अंगात फक्त हाक होती.

शेवटी तू मान वर केलीस. माझं उघडं तोंड बघितलंस. तुला वाटलं असेल, दुकानात कुणी वाट बघतंय म्हणून मी घाई करतोय. तू हात वर केलास, आलो आलो म्हणून. तू हसत होतास. मग पाणी आलं.

मी गुडघ्यापर्यंत आत गेलो होतो, धोब्यांनी मला धरून मागं ओढलं. त्यांच्या हातातून सुटायला मी पुरेसा जोर केला का, हे मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी तू खाली दीड कोसावर बाभळींत सापडलास. तुझ्या पायात एकच वहाण होती. वहिनी म्हणाल्या, दुसरी शोधा, आणि आम्ही शोधली, संध्याकाळपर्यंत. सापडली नाही.

तेराव्यानंतर, पाहुणे गेल्यावर, मी वहिनींकडं गेलो. त्या ओसरीवर बसल्या होत्या. मी उंबऱ्याच्या या बाजूला बसलो. त्यांनी मला दुकानाचं विचारलं, मी सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "भावजी, तुमी काठावर हुता. हाक मारली हुती का?"

"मारली," मी म्हणालो.

"त्यांना ऐकू येत न्हवतं."

"मला म्हाईत हुतं, वहिनी."

मला वाटलं, आता त्या मला उठवतील. त्यांनी पदराचा काठ दोन बोटांत धरला. मग म्हणाल्या की त्यांनाही दोन वर्षांपासून ठाऊक होतं. आपल्याला कळलंय हे तुला उमगू नये म्हणून त्या समोर येऊन उभ्या राहिल्याशिवाय बोलत नसत. चुलीजवळून तुला काही विचारायचं असलं तर उठून यायच्या. तू त्यांना कधी सांगितलं नाहीस, त्यांनी तुला विचारलं नाही. त्या एकदा सांगणार होत्या, म्हणाल्या, पण त्याच दिवशी तू ते खोकं घेऊन आलास आणि इतका खूश होतास की त्यांनी ठेवून दिलं.

मी सांगितलं, मीही तसंच केलं. त्यांनी तुझ्या पेनाचं विचारलं, मी ते कसं चालतं हे सांगू लागलो, पिळाचं, कोपऱ्यांचं. कड्याच्या गाण्याचं सांगितलं. त्या मध्ये मध्ये विचारत होत्या, मी उत्तरं देत होतो. शेजारची म्हातारी कुंपणावरून डोकावली, काय झालं, कुणाचं भांडण लागलंय का म्हणून.

भांडण नव्हतं. आम्ही दोघं ओरडून बोलत होतो. मान पुढं काढून, एकेक शब्द तोडून, समोरच्याला ओठ दिसतील असं. दोन हातांच्या अंतरावर बसून. दोन वर्षं आम्ही असेच बोलत आलो होतो, आणि ते आमच्या ध्यानातही राहिलं नव्हतं.

वहिनींनी म्हातारीला काही नाही म्हणून सांगितलं. ती गेली. मग त्या माझ्याकडं वळल्या, आणि इतक्या बारीक आवाजात बोलल्या की तो आवाज त्यांचा आहे हे मला आधी समजलंच नाही.

"आता हळू बोललं तरी चालंल, भावजी," त्या म्हणाल्या.